फुकट शिका हो, पण आधी टॉवर शोधा!

माहीत आहे का? ब्राझीलचा पोरगा असो की ऑस्ट्रेलियाची पोरगी, भूगर्भशास्त्राचा फुकट ऑनलाइन कोर्स उघडला की दोन-चार लेक्चरांत एक नाव कानावर पडतंच: गोंडवाना! आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत एकमेकांना चिकटून होते, त्या काळच्या महाखंडाचं हे नाव. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी ते उचललं मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून, म्हणजे आपल्या चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंडराजांचा मुलूखही त्यात आलाच. रॉयल्टी किती मिळाली? भोपळा!

अख्ख्या जगाच्या वर्गाला फुकटात नाव पुरवणाऱ्या या मुलखाला स्वतःच्या विद्यापीठासाठी मात्र २०११ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आलं. तोवर चंद्रपूर-गडचिरोलीच्या मार्कशीटवर नागपूरचा शिक्का असायचा.

तर मंडळी, आजचा विषय फुकटच्या शिक्षणाचा. वही नको, पेन नको, बूड टेकवा फक्त.

या खुल्या, फुकट, हजारोंच्या ऑनलाइन वर्गांना जगभरात काय म्हणतात, माहीत आहे का? ‘मूक’! मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, त्याची ही आद्याक्षरं. मराठी कानाला हसू फुटणारच, आपल्याकडे मूक म्हणजे मुका. आणि वर्गात घडतंही तसंच. मास्तर बोलतो, विद्यार्थी म्यूटवर! हे नाव ठेवलं कॅनडाच्या डेव्ह कॉर्मियर यांनी, २००८ मध्ये. नावं ठेवली ती पुढे बाकीच्यांनी.

पहिल्या ‘मूक’ची पंगत ऐका. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचा कोर्स, फी भरलेले विद्यार्थी २५. दार उघडं ठेवलं म्हणून फुकट येऊन बसलेले सुमारे २,२००! पंचवीस पानं मांडली आणि सगळी पंचक्रोशी जेवून गेली.

मग आलं २०११. सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग नेटवर खुला केला. नावं नोंदवली १ लाख ६० हजार जणांनी. त्याच वर्षीच्या जनगणनेत गडचिरोली शहराची लोकसंख्या होती ५४ हजार. म्हणजे तीन गडचिरोल्या एका वर्गात, मागच्या बाकासकट! शेवटपर्यंत टिकले २३ हजारांच्या आसपास. आणि थ्रनसाहेबांनी नंतर सांगितलेला मसाला असा: पहिल्या चारशे नंबरांत स्टॅनफर्डच्या वर्गात फी भरून बसलेला एकही नव्हता.

२०१२ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डने ‘एडएक्स’ काढलं. पहिला कोर्स इलेक्ट्रॉनिक सर्किटचा. नोंदणी १ लाख ५५ हजार, पास ७,१५७. मंगोलियातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने पैकीच्या पैकी मार्क काढले. आणि आपल्या शेजारच्या जबलपूरचा सतरा वर्षांचा एक पठ्ठ्या बघा: कोर्स संपला, पुढचा कोर्स साइटवर नाही, म्हणून याने दोस्तांना गोळा करून पुढचा कोर्स स्वतःच बनवला! दोन्ही पोरं पुढे एमआयटीत गेली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ या वर्षाला नावच दिलं, ‘मूकचं वर्ष’.

वाजवल्या टाळ्या? आता डोक्यावर गार पाण्याचा हंडा घ्या.

एडएक्सवरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सांची अनेक वर्षांची नोंदवही ‘सायन्स’ साप्ताहिकाने २०१९ मध्ये छापली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी वर्गात पाऊलच ठेवलं नाही. एकदाही नाही! २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. शंभरातले तीन. आपल्या गावच्या मॅरेथॉनला यापेक्षा जास्त लोक शेवटपर्यंत धावतात, आणि त्यातले निम्मे तर केळ्यासाठी आलेले असतात.

हसू नका. माझ्या स्वतःच्या नावावर नऊ कोर्स आहेत, पूर्ण झालेला एक. तोही ‘शिकावं कसं’ या विषयावरचा. बार्बरा ओकली नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने हा कोर्स आपल्या घराच्या तळघरात पाच हजार डॉलरपेक्षाही कमी खर्चात शूट केला आणि जगभरातल्या लाखो लोकांनी तो पाहिला. शिकायचं कसं हे आता मला नीट समजलेलं आहे. उरलेले आठ कोर्स वाट पाहताहेत.

आणखी एक चिमटा. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या फुकट कोर्सांचे विद्यार्थी तपासले. ८० टक्क्यांहून जास्त जणांकडे आधीच पदवी होती! ज्याचं पोट भरलेलं, त्यालाच दुसरी वाढी. फुकट ताट मांडलं की उपाशी माणूसच पहिला येतो, हा समज तिथेच फुटला.

बरं, पहिला डिस्टन्स लर्नर कोण, माहीत आहे का? आपला एकलव्य! गुरू ऑफलाइन, पुतळा ऑनलाइन, सेल्फ-पेस्ड कोर्स, डिस्टिंक्शन. फी मात्र कोर्स संपल्यावर वसूल केली आणि तीही अंगठ्याने. आजच्या मंडळींनी हसायचं काम नाही. आधारचं मशीन अजून अंगठाच मागतं.

आता जरा जुन्या जमान्यात उडी. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९चं. लेक्चर्स बीबीसीवर, अवेळी, दाढीवाले प्राध्यापक आणि रुंद टाय. हा टीव्हीवरचा कारभार २००६ पर्यंत चालला. भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघालं, १९८५ मध्ये दिल्लीचं इग्नू. आणि १ जुलै १९८९ला नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले, मूळचे फिजिक्सचे मास्तर. ब्रीद: ज्ञानगंगा घरोघरी.

हे ब्रीद म्हणजे नुसती कविता वाटते? नकाशा उघडा. विद्यापीठाच्या आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री, पत्ता गंगापूर धरणाजवळ, नदी गोदावरी. हीच गोदावरी महाराष्ट्राबाहेर फेरफटका मारून पुन्हा आपल्याला भेटते कुठे? गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला, प्राणहिता जिथे तिला मिळते तिथे! गंगोत्रीतून निघालेलं पाणी थेट सिरोंच्यापर्यंत पोचतं, अगदी विनाशुल्क. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला मात्र आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी यायला दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास करावा लागतो. मुंबई ते पुणे यापेक्षा जवळ, आणि तिथे तर एक्स्प्रेस वेही आहे.

मुक्त विद्यापीठाचे सर्वांत बंदिस्त वर्ग कुठे भरतात, सांगा पाहू? तुरुंगात! नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, दोन्हींची केंद्रं आहेत. नाव मुक्त, फाटक बंद. हजेरी शंभर टक्के असेल असं मी म्हणणार होतो, पण विनोद राहू द्या. आत बसून बीए झालेली माणसं आहेत आणि त्यांनी केलेल्या कष्टापुढे आपला पुढे ढकललेला आठवा कोर्स तोंड लपवतो.

मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे ‘असंच काहीतरी’, असं नाक मुरडणारे काका प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात. त्यांच्यासाठी हे: बुलढाण्याच्या खेड्यातले राजू केंद्रे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत गेले आणि चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला पोचले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांसाठी त्यांनी यवतमाळातून संस्था उभी केली. नाव काय ठेवलं असेल? ‘एकलव्य’. अंगठा शाबूत.

आता केंद्र सरकारचा हुकमी पत्ता: ‘स्वयम्’. ९ जुलै २०१७ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते सुरू झालं. नावाचं इंग्रजी लांबरूप स्टडी वेब्स ऑफ अ‍ॅक्टिव्ह लर्निंग फॉर यंग अ‍ॅस्पायरिंग माइंड्स! एका श्वासात म्हणून दाखवा, तुमचा एक क्रेडिट पक्का. क्रेडिटचं खरंच आहे हं. २०१६ मध्ये यूजीसीने सत्रातले २० टक्के क्रेडिट इथून घ्यायला परवानगी दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली.

त्याच दिवशी ‘स्वयम् प्रभा’ नावाच्या ३२ टीव्ही वाहिन्याही आल्या. इंटरनेट नको, छतावर डिश हवी. रोज किमान चार तासांचं नवं शिक्षण आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा. सासू-सुनेच्या मालिकेचं रिपीट टेलिकास्टही एवढं निगरगट्ट नसतं! पण धान कापून संध्याकाळी घरी आलेल्या मुलासाठी हे रिपीटच कामाचं. सकाळचा मास्तर रात्री पुन्हा भेटतो.

कोव्हिडमध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हा आपल्याकडेही शेवटी टीव्हीच धावून आला. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी. स्मार्टफोनपेक्षा शेजारच्या घरचा डबा-टीव्ही जास्त स्मार्ट ठरला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणणार, ‘आता घरोघरी मोबाइल आहे की!’ आहे ना. टॉवर कुठाय?

विदर्भात ‘रेंज नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘टावर नाही भेटत’ म्हणतात. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने देशभर पहिल्या टप्प्यात जे टॉवर उभे केले, ते टू-जीचे होते. असे २,३४३ टॉवर फोर-जी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली एप्रिल २०२२ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई फाइव्ह-जीवर गेली.

थोडं गणित करू, गणिताचा कोर्स न लावता. दहा मिनिटांचा साधा व्हिडिओ २५ एमबीचा धरा. टू-जीवर सेकंदाला १०० किलोबिट मिळाले तर तो उतरायला लागतात २,००० सेकंद, म्हणजे तेहेतीस मिनिटं! तेवढ्यात चुलीवर भात शिजतो, निवतो आणि संपतोही.

भामरागडच्या रस्त्यावरच्या एका गावात मी एक ऑनलाइन क्लासरूम पाहिली. घराच्या आढ्याला सुतळी, सुतळीला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मोबाइल, हॉटस्पॉट चालू. खाली पाटावर एक मुलगी दुसऱ्या मोबाइलला चिकटून बसलेली. वाऱ्याने पिशवी गोल फिरली की सरांचं तोंड उघडंच राहायचं, तसंच, चौकटीत. मग भाऊ झाडूच्या दांड्याने पिशवीला हलकेच ढोसायचा. सर पुन्हा बोलू लागायचे. ‘टावर गेला का वो?’ चुलीपासून आजीचा आवाज. या घरात नेटवर्क इंजिनिअर तिसरीत शिकत होता. दांडी मारणं म्हणजे काय, याची व्याख्या मला त्या दिवशी बदलावी लागली.

आणि पावसाळ्यात? भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी, गावाचा संपर्क तुटतो. ऑफलाइन या शब्दाचा याहून अस्सल अर्थ कुठल्या डिक्शनरीत मिळायचा नाही.

उन्हाळ्याची वेगळीच तऱ्हा. माहीत आहे का, अ‍ॅपल कंपनी सांगते की आयफोन वापरायचा तर आसपासचं तापमान ० ते ३५ अंशांत असावं? चंद्रपूरला मे महिन्यात ४५ पार होतं! म्हणजे कंपनीच्या हिशेबाने चंद्रपूरकराने उन्हाळाभर फोन फ्रिजमध्ये ठेवून वांग्यांना बाहेर काढायला हवं. बरं, याच चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्य सरकारच्या वीज केंद्रांत सर्वांत मोठं. पुण्या-मुंबईचे वायफाय राउटर कुणाच्या जिवावर लुकलुकतात, हे कधीतरी त्यांनाही कळू द्या.

टावर न भेटण्यावर आयआयटी मुंबईची एक युक्ती मला भलती आवडते. नाव ‘स्पोकन ट्युटोरियल’, जनक प्रा. कन्नन मौद्गल्य. फुकट सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसह २२ भाषांत, एकदा उतरवून घेतले की नेट नको. पद्धत इतकी सोपी की आजीलाही जमेल: पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर. एक पायरी पाहा, थांबवा, तशीच करा, पुढे सरका. धानाच्या रोवणीसारखं. एक ओळ लावली की मागे एक पाऊल.

रोवणीवरून आठवलं, आता मुद्द्याची गोष्ट येते. आयआयटींचा ‘एनपीटीईएल’ प्रकल्प २००३चा, सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी यांचा मिळून. वर्ग फुकट, परीक्षेला फी, आणि परीक्षा द्यायची केंद्रावर जाऊन. कोर्सची सत्रं दोन: जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर. दिल्ली-चेन्नईच्या कॅलेंडरात एकदम फिट्ट.

आता जंगलाचं कॅलेंडर लावून पाहा. जुलैत रोवणी, घरातली सगळी माणसं चिखलात. ऑक्टोबरात हलका धान कापणीला येतो, म्हणजे परीक्षा आणि विळा एकाच वेळी हातात. मार्च-एप्रिलला मोहफुलं. मोह रात्रीतून झडतो, पहाटे अंधारातच टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं, नाहीतर गुरं आणि अस्वलं आधी हजेरी लावतात. वेचून घरी, वाळत घालून झालं की डोळ्यांवर झोप, आणि समोर आठवड्याची असाइनमेंट, शेवटची तारीख आजच! मे उजाडला की तेंदूपत्ता. काही दिवसांचाच हंगाम, पण वर्षभराची वही-पुस्तकं, बसचा पास, कधी कधी खुद्द तो मोबाइलसुद्धा त्याच पैशातून येतो.

तेव्हा ‘कोर्स अर्धवट सोडला’ अशी नोंद जिथे पडते, तिथे खरं म्हणजे ‘मोह वेचायला गेला’ असा एक रकाना हवा. अस्वलाचा मेडिकल सर्टिफिकेटसारखा दाखला जोडायची सोय असेल तर उत्तमच.

पुढचा नगेट, बसलेले असाल तर घट्ट धरा. ड्युओलिंगो नावाच्या लाडक्या अ‍ॅपवर क्लिंगॉन शिकता येते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली हाय व्हॅलिरियनही शिकता येते. दोन्ही भाषा मालिका-सिनेमासाठी बनवलेल्या, एकही आजी त्यांत नातवाला रागावत नाही. गोंडी? २०११च्या जनगणनेत सुमारे ३० लाख माणसांची मातृभाषा, आणि अ‍ॅपवर पत्ता नाही. (मराठीही नाही बरं का, उगाच छाती काढू नका.) राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही गोंडी बसत नाही. त्यामुळे ‘बावीस भाषांत उपलब्ध’ अशी जाहिरात दिसली की गडचिरोलीतल्या वाचकाने ओळखून घ्यायचं.

लिपीची गोष्ट तर आणखी झकास! गोंडीला एक सोडून दोन लिप्या संगणकात मिळाल्या. १९१८ मध्ये बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी बनवलेली मसराम गोंडी युनिकोडमध्ये आली जून २०१७ला. गुंजाळा गोंडी आली २०१८ला, ती सापडली चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत. आता पंचलाइन ऐका. मसराम गोंडी युनिकोडच्या ज्या आवृत्तीत आली, त्याच आवृत्तीत लांब मानेच्या डायनोसॉरचा इमोजीही आला! आणि त्या लांब मानेच्या खानदानातला एक अतिप्राचीन पूर्वज, बारापासॉरस, सापडला कुठे? सिरोंचा तालुक्यात! पायाची हाडं एवढी मोठी की नावातच ‘बडा पाय’ आणि पुढे रवींद्रनाथ टागोरांचं नाव. म्हणजे गडचिरोलीच्या दोन गोष्टी एकाच बॅचमध्ये मोबाइलच्या कीबोर्डवर दाखल झाल्या. डायनोसॉर सगळे पाठवतात.

एकदम सीरियस होऊ का? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि मामला उच्च न्यायालयात गेला. खुल्या शिक्षणावर परिषदा भरतात तेव्हा ‘ओपन’ म्हणजे काय यावर दोन-दोन तास भाषणं होतात. एक सत्र मोहगावला भरवलं तर चहा-पाण्याचा खर्चही कमी येईल.

सगळंच रडगाणं नाही. छत्तीसगडमधून २०१० मध्ये सुरू झालेलं ‘सीजीनेट स्वरा’ साध्या फोनवर आवाजाने चालतं, गोंडीतून बोला, गोंडीतून ऐका. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर गोंडीतली बालपुस्तकं फुकट आहेत. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचं भाषांतराचं अ‍ॅप आणलं, त्यात संताली, भिली, मुंडारीबरोबर गोंडीही आहे. आणि गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ असा उलटा उपक्रम काढला आहे. विद्यार्थ्याने विद्यापीठात जायचं नाही, वर्गानेच गावात यायचं. प्रेषितांना जमलं नाही ते डोंगराने जमवून दाखवलं!

मराठीवाल्यांनो, तुमचा फुकटचा खजिना ठाऊक आहे ना? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट. नोव्हेंबर १९७१पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंक फुकट, एकदा उघडलात तर दुपारचं जेवण विसराल. मराठी विश्वकोश फुकट. मराठी विकिपीडिया मे २००३चं, अगदी महाराष्ट्र दिनाचं बाळ. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, भारतात लेखकानंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणून २०११पासून त्यांची पुस्तकं सर्वांची. पुस्तकावरचा तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड, मूळचा जपानी मोटारींच्या सुट्या भागांसाठी, १९९४चा. कंपनीने पेटंटचा बडगा उगारला नाही म्हणून तो पानटपरीपर्यंत पोचला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात बसवला आणि २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. आणि त्यातली अर्धी रक्कम? अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

उलट टोकाला, फुकटवाल्यांचं पुढे काय झालं? ते एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना ‘टूयू’ नावाच्या कंपनीला विकलं गेलं. जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुकट वाटणाऱ्याचं एक वेळ निभतं, फुकटातून कमावू पाहणाऱ्याचं गणित कच्चं राहतं.

आता माझा सर्वांत आवडता कोर्स. टॉवर नाही, मोबाइल नाही, अक्षरओळखसुद्धा नाही. साधन: मणी आणि वाळू!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ १९८६ पासून काम करते. तान्ही बाळं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, ते मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ झाले तर धोका, त्याहून मोठ्याचे पन्नास. गावातल्या सुईणीला बाळाचं सगळं कळायचं, पण साठपर्यंतचे आकडे येत नव्हते. मग बनवलं एक छोटं यंत्र. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी, वरच्या ओळीत तान्ह्यासाठी, खालच्या ओळीत मोठ्यासाठी. पोट दहादा वर-खाली झालं की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा मणी. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बस्स! आख्खा मेडिकल कॉलेजचा धडा बोटाच्या पेरावर.

पुढे गावातल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकल्या. ३९ गावांतला हा प्रयोग डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ मध्ये हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. कोर्स गडचिरोलीत तयार, विद्यार्थिनी लाखोंनी, आणि अर्धवट सोडण्याची सोय नाही. बाळ घरात रडतंय म्हटल्यावर कोण ‘नंतर पाहू’ म्हणणार?

शेवटचा थांबा मेंढा. मेंढा-लेखा, धानोरा तालुका. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, जिल्ह्यातल्याच मर्दा गावाबरोबर देशात सर्वांत आधी. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती द्यायला स्वतः गावात आले.

पण माहीत आहे का, या गावाचं खरं गुपित काय? अभ्यास मंडळ! गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाबरोबर हे मंडळ नेहमी येतं. कुणीही बसावं, गावचा किंवा बाहेरचा. विषय कुठलाही: कायदा, जंगल, हिशेब. नियम एकच भारी आहे. मंडळात फक्त अभ्यास, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. एकटा पडून कोर्स सोडणारे आम्ही नऊ-कोर्सवाले इथे मागच्या रांगेत बसूनही बरंच शिकू. इथे शेजारी विचारतो, ‘काल का नाही आलास?’ नोटिफिकेशनला एवढी धमक नाही.

एका वेळी मंडळाच्या अभ्यासाला विषय होता मध. पूर्वी धूर-जाळ करून पोळं उतरवायचे, माश्या मरायच्या, पोळं जायचं. मंडळाने माश्यांचा अभ्यास केला आणि अहिंसक पद्धत शिकून घेतली: अंगभर पोशाख चढवायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, म्हणजे माश्या पुन्हा मध भरतात. लेक्चर नाही, क्रेडिट नाही, सर्टिफिकेट नाही. प्रात्यक्षिक मात्र झाडावर, आणि परीक्षक खुद्द आग्या माश्या.